शमालकडे तोंड

बर्फ उडवायचं यंत्र बहरीनमध्ये कसं आलं हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही.

तिथल्या अमवाज बेटांवर, भिंतीआडच्या व्हिलांच्या एका कंपाउंडात, एकवीस नंबरच्या व्हिलात, कॅनडाचं एक कुटुंब राहायला आलं होतं. निघताना त्यांनी सामान बांधणाऱ्यांना सांगितलं की गॅरेजमधलं सगळं भरा. त्यांनी सगळं भरलं. सायकली, शिडी, घडीचं ख्रिसमसचं झाड आणि छातीइतकं उंच, लाल रंगाचं, पेट्रोलवर चालणारं ते धूड. चार वर्षं ते व्हिलाच्या मागे ताडपत्रीखाली बसून होतं. गेल्या डिसेंबरात कुटुंब परत गेलं, तेव्हा साहेबाने जाता जाता ते कंपाउंडला देऊन टाकलं. फुकटची वस्तू पडून कशी ठेवायची म्हणून मेन्टेनन्स कंपनीने ठरवलं की हिवाळी वाऱ्याने आतल्या रस्त्यांवर जी वाळू साचते ती यापुढे रावजी घाडी या यंत्राने उडवील.

रावजीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की बर्फ वितळतो आणि वाळू वितळत नाही. ती उडवली की दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन बसते.

रावजी आचऱ्याजवळच्या एका वाडीतला. वय छप्पन्न, त्यातली एकोणीस वर्षं बहरीनमध्ये, आणि त्यातली शेवटची नऊ याच कंपाउंडात. बाग आणि रस्ते ही त्याची कामं. शमाल, म्हणजे तो उत्तरेकडून येणारा वारा, सुटला की कोणत्या दोन व्हिलांच्या फटीतून किती वाळू येणार आणि कोणत्या भिंतीच्या आडोशाला तिचा ढीग होणार हे त्याला तोंडपाठ होतं. आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग रुंद झाडू, मग फावडं, मग हातगाडी. सकाळी सहाला सुरू केलं की साडेनऊपर्यंत रस्ता लख्ख. नऊ वर्षांत एकाही घरातून तक्रार नव्हती.

गुरुवारी, सोळा जानेवारीला, त्याला यंत्र शिकवण्यात आलं. शिकवणारा इमाद, कंपनीचा सुपरवायझर. अलेक्झांड्रियाचा माणूस, चाळिशीचा, मनाने वाईट नाही, पण सतत घाईत. बहरीनमध्ये येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि कामापुरतं हिंदी तो कामगारांकडूनच शिकला होता.

"देखो रावजी. ये रस्सी खींचो, ये दबाओ तो चक्का चलेगा, ये दबाओ तो मुंह खाएगा. दोनों छोड़ो, बंद. खलास."

"और ये डंडा?"

"उससे ऊपर का नली घूमेगा. मैं बोलेगा किधर. तुम घुमाओ."

"मुंह में पत्थर अटका तो?"

"अटका तो देखेगा," इमाद म्हणाला आणि फोन कानाला लावून निघाला. दोरी ओढल्यापासून एकूण अकरा मिनिटं. यंत्र किती पेट्रोल खातं ते कळावं म्हणून रावजीने फोनमध्ये वेळ लावली होती, म्हणून तो आकडा नेमका.

रविवारी, एकोणीस तारखेला, शमाल सुटला. पहाटेपासूनच खजुरीच्या झावळ्या एका बाजूला ताणलेल्या होत्या. आठ वाजता रावजी यंत्र घेऊन मागच्या रस्त्यावर गेला. तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या. रस्ता पश्चिमेकडे जातो. उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, व्हिलांच्या मागच्या पडव्या आणि त्यांच्या बुटक्या भिंती. डाव्या हाताला मोकळा प्लॉट आणि पलीकडे समुद्र. वारा घरांच्या फटींतून उजवीकडून येत होता. नळीचं तोंड रावजीने समोर ठेवलं होतं, कारण डावीकडे प्लॉटच्या कडेला कंपनीची पांढरी गाडी उभी होती आणि ती इमादचीच होती. समोर उडालेली वाळू पुन्हा रस्त्यावरच पडत होती आणि पुन्हा यंत्राच्या तोंडी येत होती. दळलेलंच दळण.

इतक्यात इमाद आला. एका हाताने टोपी धरलेली, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल. त्याने पाहिलं, मान झटकली आणि रुमालातूनच ओरडला, "शमाल! यल्ला, शमाल!"

रावजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने दोन्ही दांडे सोडले, कानावरची एक टोपी वर केली.

"क्या बोला?"

"शमाल! शमाल घुमाओ! कितना बार बोलेगा?"

शमालकडे तोंड. वाऱ्याकडे तोंड. रावजीच्या गावी भाताची झोडणी झाली की खळ्यात भात वारवतात, आणि वाऱ्याला अंग कसं द्यायचं हे तिथे सहा वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. वाऱ्यावर फेकलेलं वाऱ्याबरोबर जातं, वाऱ्याच्या तोंडावर फेकलेलं आपल्या तोंडावर येतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण सुपरवायझर हाताच्या अंतरावर उभा राहून दोनदा तेच सांगत होता, आणि यंत्र गावचं सूप नव्हतं. असेल काही त्याची वेगळी तऱ्हा. त्याने दांडा फिरवला, नळी उत्तरेकडे केली आणि दाबलं.

जड वाळू भिंत ओलांडून आठ नंबरच्या पडवीत गेली. हलकी वाळू वर उठली, वाऱ्याने तिला थप्पड मारली आणि ती दोघांच्या अंगावर कोसळली. आठ नंबरात हुदा मॅडम राहतात. बहरीनच्याच, निवृत्त शिक्षिका. त्यांची मागची पडवी घराच्या आडोशाला, तिथे वारा लागत नाही, म्हणून त्यांनी त्या सकाळी दिवाणखान्यातल्या पांढऱ्या उशा आणि गाद्या उन्हात टाकल्या होत्या. सतरा नग. कामवाल्या बाईने नंतर मोजले.

"मजनून! पागल!" इमाद डोळे चोळत ओरडला. "मैं क्या बोला, तुम क्या किया?"

"जो बोला वही किया," रावजी म्हणाला. दातांत वाळू कचकचत होती.

मंगळवारी त्याला ऑफिसात बोलावलं. ऑफिस गेटजवळच्या दोन खोल्यांत आहे आणि तिथे भक्ती बसते. पुण्याची मुलगी, तिशीची, हुशार, नीटनेटकी. कामगारांचे व्हिसे, रजा, कार्डं सगळं तिच्या हातून जातं. रावजीला ती काका म्हणते आणि तो तिला बाई म्हणतो.

"बसा ना काका. एक छोटीशी सही आहे."

"कसली?"

"रविवारचा रिपोर्ट. इंग्रजीत आहे, मी सांगते." तिने कागद फिरवून घेतला. "म्हणजे असं, की तुम्हाला सोळा तारखेला दोन तास ट्रेनिंग दिलं होतं. आणि रविवारी सुपरवायझरने नळी लेफ्टला फिरवा असं स्पष्ट सांगितलं, तरी तुम्ही उलट बाजूला फिरवली. त्यामुळे रहिवाशांचं नुकसान झालं. खाली वॉर्निंग, पहिली. बस."

रावजीने कागद आपल्याकडे ओढला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. 'दोन' आणि 'सोळा' त्याला दिसले.

"बाई, ह्यातलं खरं काय आहे?"

"काका, यात खरं-खोटं असं काही नसतं हो. फॉरमॅट असतो. यंत्र वापरणाऱ्याचं ट्रेनिंग दोन तास लिहावंच लागतं."

"फॉरमॅटात नाव माझं आहे ना?"

"हो, पण..."

"मग ते खरं पाहिजे. अकरा मिनिटं शिकवलं, माझ्या फोनात आहे. आणि लेफ्ट हा शब्द इमादच्या तोंडातून निघालाच नाही. तो शमाल म्हणाला. दोनदा म्हणाला. मी यंत्र थांबवून विचारलं."

भक्तीने पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "हे बघा. मार्चमध्ये तुमचं रिन्यूअल आहे. सही केलीत तर एक वॉर्निंग फाइलला लागेल, कोणी बघणारही नाही, रिन्यूअल होऊन जाईल. नाही केलीत तर वरचे लोक लिहितील की माणूस ऐकत नाही. छप्पन्न वर्षांच्या माणसासाठी मी मग काय सांगू त्यांना? तुमच्यासाठीच बोलतेय मी."

रावजी उठला. खुर्ची जागेवर सरकवली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात आपल्यात. तुम्हाला शाळेत शिकवलं असेल."

आणि तो बाहेर पडला. राग इमादचा होताच, पण जास्त राग बाईचा होता. परक्या भाषेतला खोटा कागद निदान परका वाटतो. तोच आपल्या भाषेत, काका काका म्हणत, चहाला बोलावल्याच्या सुरात वाचून दाखवला की अंगाला चिकटतो.

दुपारच्या सुटीत त्याने गावी फोन लावला. मालू, त्याची बायको, अंगणात कोकमं वाळत घालायच्या मोसमाला अजून वेळ असल्याने मोकळी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक सांगा. वाऱ्याक तोंड करून वारवलात? तुमच्या आवशीन ह्याच शिकवल्यान तुमका?"

"माका सांगितल्यान म्हणान केलंय."

"सांगितल्यान म्हणान. उद्या सांगतीत दर्यात उडी मार, तर मारशात?"

"मालू, माझा डोक्या आधीच तापलेला असा."

"तापूकच व्हया. त्येच्यावर कमी आणि तुमच्यावर जास्त." मग तिने विचारलं, "सय केलात?"

"नाय."

"मार्चात व्हिसा नाय झालो तर?"

"तर येतंय घराक."

"येवा. भात वारवूक माणूस व्हयोच असा, तोंड खंय करूचा ता मी सांगतंय."

रावजीला हसू आलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि तेच खुपत होतं. कळत असून त्याने ऐकलं होतं. ती चूक त्याची, ती तो कोणत्याही कागदावर कबूल करायला तयार होता. पण कागदावर ती नव्हतीच. कागदावर होतं की त्याने ऐकलं नाही.

बुधवारी सकाळी दहाला हुदा मॅडम स्वतः ऑफिसात आल्या. काळा अबाया, हातात एक पांढरी उशी. पन्नाशी-साठीच्या दरम्यान वय, आणि वर्गात शिरावं तशी चाल. इमाद तिथेच होता. रावजीला बाहेरच्या कुंड्यांजवळून आत बोलावलं गेलं. मॅडमनी उशी भक्तीच्या टेबलावर आपटली; कागदांवर वाळूचा सडा पडला.

"ये बर्फ का मशीन किसका दिमाग है?" मॅडम हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकल्या होत्या आणि ते बिनदिक्कत बोलत. "बहरीन में बर्फ गिरा कभी?" मग त्या रावजीकडे वळल्या. "और तुम. नौ साल से मेरा आँगन देखता है. शमाल में शमाल की तरफ मारा? तुम तो ऐसा नहीं करता."

"मैं अपने मन से नहीं मारा मॅडम. इमाद बोला, शमाल. दो बार बोला. मैं मशीन रोक के पूछा."

"हाँ, बोला शमाल," इमाद उसळून म्हणाला. "और ये यमीन घुमाया! मेरे सामने! अब मेरे को झूठा बोलता है."

यमीन म्हणजे उजवीकडे, एवढं अरबी रावजीला येत होतं. तो म्हणाला, "यमीन-यसार कोई नहीं बोला. शमाल बोला, शमाल किया. मैं क्यों तुमको झूठा नहीं बोलूं?"

हुदा मॅडमच्या लक्षात काहीतरी आलं. सव्वीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत अरबी शिकवली होती. त्यांनी बोट वर केलं.

"इमाद. शमाल किधर है, हाथ दिखाओ."

इमादने डावा हात वर केला.

"रावजी, तुम."

रावजीने दाराबाहेर उत्तरेकडे हात केला, जिथून अजून वारा येत होता.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांनी समजावलं. उत्तर आणि डावी, दोन्हींना अरबीत एकाच अक्षरांचा शब्द. बहरीनचा माणूस डावीकडे म्हणायचं असेल तर यसार म्हणतो, आणि शमाल म्हणजे उत्तर दिशा, म्हणजे हा वारा. मिसरचा, म्हणजे इमादच्या इजिप्तचा, माणूस रोजच्या बोलण्यात डाव्या हातालाच शमाल म्हणतो. इमाद आपल्या गावच्या भाषेत ओरडला आणि रावजीने बहरीनच्या भाषेत ऐकलं. दोघेही खरे.

इमादचा चेहरा उतरला. रावजीकडे बघून तो म्हणाला, "वल्लाह, मेरे को नहीं मालूम था." आणि रावजीला ते पटलं. माणूस खोटारडा नव्हता. तीन दिवस मनात त्याला खोटारडा म्हटलं याची टोचणीही लागली, पण राग काही उतरेना. रागाने फक्त जागा बदलली.

"बरं झालं, उलगडा झाला," भक्ती सुटल्यासारखी म्हणाली. "मग काका, मी लेफ्टचं वाक्य काढते आणि 'कम्युनिकेशन गॅप' असं घालते. बाकीचं तसंच. आता तरी करा सही."

"बाकीचं म्हणजे काय काय?"

"ट्रेनिंगचं. आणि वॉर्निंग."

"गॅप दोघांत पडली आणि वॉर्निंग एकट्याला?"

भक्तीने पेन खाली ठेवलं.

"आणि दोन तास?" रावजी आता मराठीत बोलत होता, पण आवाज इतका चढला होता की भाषेची गरज उरली नव्हती. "दोन तास कोणी शिकवलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत नळी डावी-उजवी करून झाली असती. तिथेच शब्दाचा घोळ कळला असता. सगळा प्रकार त्या खोट्या दोन तासांतून निघाला आणि त्याच्यावरच माझी सही पाहिजे? मी देणार नाही. मार्चात घालवायचं तर घालवा."

हुदा मॅडमनी इमादला अरबीत काहीतरी विचारलं. इमाद जमिनीकडे बघत पुटपुटला. मग रावजीला हिंदीत म्हणाला, "सब यही लिखते हैं. दो घंटा. फॉर्म में है."

"तो दो घंटा सिखाओ," रावजी म्हणाला. "कल. घड़ी लगा के. फिर लिखो दो घंटा, मैं साइन करेगा. वॉर्निंग नहीं रहेगा."

"शिकवल्याशिवाय हजेरी लावलेली मी माझ्या वर्गात चालवून घेतली नाही," अशा अर्थाचं मॅडम म्हणाल्या, आणि उशी तिथेच टाकून, जाता जाता भक्तीला सांगून गेल्या की त्यांची तक्रार लेखी येईल आणि ती माणसाविरुद्ध नसेल, यंत्राविरुद्ध असेल.

भक्तीने वर फोन लावला. इंग्रजीत बराच वेळ बोलली. सुरुवातीला ती नेहमीसारखं हो हो म्हणत होती. नंतर एकदा तिचा स्वर बदलला. "नो सर," ती म्हणाली, "अकरा मिनिटं हे त्यांच्या फोनमध्ये आहे." मग तिने फोन ठेवला.

"उद्या पावणेदहाला ट्रेनिंग," ती म्हणाली. "वॉर्निंगचं मार्चपर्यंत लटकत ठेवू म्हणत होते. मी म्हटलं, मग लिहून कळवा. लिहून कोणी देत नाही. वॉर्निंग निघाली."

गुरुवारी, तेवीस तारखेला, शमाल अजून होताच, उलट अंगावर काटा येण्याइतका गार. मोकळ्या प्लॉटवर यंत्र उभं केलं. रावजीने फोनमध्ये दोन तासांचा गजर लावला आणि तो इमादला दाखवला.

पहिल्या दहा मिनिटांत कळून आलं की इमादने ते यंत्र पूर्वी कधी चालवलेलंच नव्हतं. दोरी ओढताना त्याचा खांदा लचकला. नळी फिरवताना त्याने स्वतः ती वाऱ्याकडे केली आणि वाळूचा घास खाल्ला.

"ये कौन सा शमाल था?" रावजीने विचारलं.

"चुप रहो यार," इमाद थुंकत म्हणाला.

मग ते दोघे नीट कामाला लागले. यसार आणि यमीन, एवढेच शब्द वापरायचे, आणि बोलताना हात दाखवायचा, हे पहिल्यांदा ठरलं. कोरडी वाळू नुसती धुरळा होऊन जाते हे दिसलं, तेव्हा रावजीने आधी पाणी शिंपडलं. ओली वाळू गोळ्यागोळ्यांनी, हवी तिथे पडू लागली. तोंडात दगड अडकला तेव्हा इमादचा हात आपसूक पुढे गेला आणि रावजीने त्याचं मनगट धरून मागे ओढलं, इंजिन बंद केलं आणि काठीने दगड काढला. आतलं लोखंडी मळसूत्र वाळूने एवढ्यातच घासून चकचकीत झालं होतं. दोन हिवाळे टिकलं तर नशीब, दोघांनाही कळलं.

एक तास दहा मिनिटं झाली तेव्हा इमादने हात झटकले. "खलास रावजी. तुम उस्ताद हो गया."

"पचास मिनट बाकी."

"किसके लिए? सब आ गया."

"कागद के लिए."

इमादने त्याच्याकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं, रुमाल पुन्हा तोंडाला बांधला आणि यंत्राची दोरी ओढली. पन्नास मिनिटं त्याने पूर्ण केली. शेवटची वीस मिनिटं तर तो एकटाच यंत्र चालवत होता आणि रावजी बाजूला उभा राहून हाताने दाखवत होता.

बारा वाजता दोघे ऑफिसात गेले. भक्तीने नवा कागद काढला होता. या वेळी तिने एकेक शब्द मराठीत सांगितला, आणि रावजीने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारलं. तारीख तेवीस. पावणेदहा ते पावणेबारा. एकोणीस तारखेच्या घटनेत सूचनेच्या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला. वॉर्निंग हा शब्द कुठे आहे का, हे त्याने तीनदा विचारलं. कुठेच नव्हता. मग त्याने देवनागरीत, वळणदार अक्षरात सही केली, आणि खाली कंसात स्वतःहून लिहिलं, 'सोळा तारखेला अकरा मिनिटं'.

"ते कशाला काका? आता झालं ना मनासारखं?"

"मनासारखं कसलं, बाई? एकोणीस वर्षं काम केलं त्याला कोणी कागद दिला नाही. एक दिवस चूक निघाली तर दोन दिवसांत कागद तयार. तोही खोटा. खरा करून घ्यायला मला भांडावं लागलं." त्याने पेन परत दिलं. "ह्याची एक झेरॉक्स द्या."

"फाइलला आहे की. तुम्हाला कशाला?"

"मार्चात लागेल."

भक्ती उठली. कागद घेऊन ती मशीनकडे गेली आणि तिने एक सोडून दोन प्रती काढल्या. एक रावजीला दिली. मार्चात फाइल सापडली नाही तर असावी म्हणून दुसरीची घडी करून तिने ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.